रोजच्या व्यवहाराला एकच बँक? मी तरी नको म्हणेन

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा तो फार सोपा वाटला. तुम्ही वाकडला भाड्याने राहता, नोकरी हिंजवडीत, पगाराचं खातं कंपनीने एका खासगी बँकेत उघडून दिलेलं. वडील बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून नुकतेच अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. कोथरूडला घर घेतलंय आणि दोन महिन्यांत आईवडीलही तिथे राहायला येणार आहेत. ग्रॅच्युइटी वगैरे मिळून त्यांचे अठरा लाख सध्या गावच्या बचत खात्यात पडून आहेत. मित्र म्हणतात खासगी बँकच घे, ॲप चांगलं असतं. वडील म्हणतात सरकारीच बरी. काका एका पतसंस्थेचं जास्त व्याजाचं पत्रक घेऊन आलेत. आणि तुम्हाला हवंय एका बँकेचं नाव, जिथे सगळ्यांचं सगळं ठेवून मोकळं होता येईल.

मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची चौदा पुण्यातल्या चार वेगवेगळ्या शाखांत. नाव सांगितलं असतं, पण एकाच बँकेच्या दोन शाखांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मी आतून पाहिलंय. शाखाधिकारी बदलला की सहा महिन्यांत काउंटरवरची भाषा बदलते. त्यामुळे नाव सांगून तुमचं काम होणार नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नात मी अडले ती ‘एकच’ या शब्दापाशी.

‘रोजचे व्यवहार’ म्हणताना तुमच्या घरात तीन वेगळी कामं एकत्र आली आहेत. पगार येतो आणि घराचा हप्ता, विमा, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी रक्कम) त्यातून जातात, हे एक. भाजी, रिक्षा, दूध, किराणा, दिवसाला दहा-पंधरा वेळा क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे जातात, हे दुसरं. आणि वडिलांचं पेन्शन आणि आयुष्यभराची पुंजी, हे तिसरं. पहिल्या कामात चूक झाली तर दंड बसतो. दुसऱ्यात झाली तर चारशे-पाचशे रुपये अडकतात. तिसऱ्यात झाली तर म्हातारपण अडकतं. तिन्ही एका खात्यात किंवा एका बँकेत आणली, की दूधवाल्याला पैसे देणाऱ्या फोनमधून अठरा लाखांपर्यंत पोचायची वाट मोकळी होते.

एक सोमवार मी विसरू शकत नाही. सकाळी दहाला शटर वर गेलं तेव्हा तुमच्या वडिलांच्याच वयाचे एक गृहस्थ पायरीवर बसलेले होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँड लावलेलं पासबुक. शनिवारी संध्याकाळी त्यांना मेसेज आला होता की बिल भरलेलं नाही, आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा. त्यांनी फोन केला, समोरच्याने एक ॲप घ्यायला लावलं, दहा रुपये भरायला सांगितले. तो चौथा शनिवार होता, बँक बंद. रविवारी बंदच. ते दोन रात्री जागून सोमवारची वाट बघत होते. मी पासबुक प्रिंटरमध्ये घातलं आणि मशीन एकेक ओळ छापत राहिलं. पन्नास हजार, पन्नास हजार, पंचवीस हजार, पुन्हा पन्नास. पान संपलं, उलटलं, तरी ओळी चालूच. त्यांच्या निवृत्तीचे सगळे पैसे त्याच बचत खात्यात होते. ज्या खात्यातून ते रोज दूध आणि पेपरचे पैसे देत, त्याच खात्यात.

त्यांना १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर माहीत नव्हता. तो सुट्टीच्या दिवशीही लागतो, आणि पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी तिथे तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. पहिले काही तास फार मोलाचे असतात. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं एक परिपत्रक आहे, ते प्रत्येक खातेदाराला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. बँकेची किंवा तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एका पैशाचीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं, तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त दहा हजारांची. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण तिथेही एक ओळ आहे जी लोक वाचत नाहीत: बँकेला कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचं नुकसान. त्या गृहस्थांनी शनिवारी रात्रीच बँकेच्या हेल्पलाइनला फोन केला असता, तर रविवारी गेलेली रक्कम बँकेला भरून द्यावी लागली असती.

म्हणून बँक बघताना मी पहिली चौकशी ही करते: रात्री साडेनऊला कार्ड आणि यूपीआय बंद करायचं असेल तर कुठे फोन लावायचा, आणि तो लावला की माणूस बोलतो की ‘मराठीसाठी दोन दाबा’ची माळच चालू राहते? खातं उघडण्याआधी एका रात्री तो नंबर खरंच लावून बघा. त्यात तुमची पाच मिनिटं जातील.

आता तुमच्या घरासाठी मी काय केलं असतं ते सांगते.

पगाराचं खातं आहे तिथेच ठेवा. कंपनीने दिलेल्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर अपघात विमाही असतो. तो किती आहे हे एचआरला विचारून घरी लिहून ठेवा, घरच्यांना माहीत नसलेला विमा कुणीच मागत नाही. हप्ते, एसआयपी, विम्याचे प्रीमियम सगळं याच खात्यातून जाऊ दे. पगार आल्यावर दोन-तीन दिवसांतल्याच तारखा लावून घ्या. ई-मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी, शिल्लक नाही म्हणून परतलं तर बँकेप्रमाणे अडीचशेपासून पाचशे-सहाशेपर्यंत दंड लागतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि कर्ज देणाऱ्याचा दंड वेगळा.

या खात्याची एकच गोम आहे. नोकरी बदललीत आणि पगार येणं थांबलं, की काही महिन्यांनी, बऱ्याच बँकांत तिसऱ्या महिन्यानंतर, ते गुपचूप साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लकेचा नियम लागू होतो. हिंजवडी-खराडीतली किती मुलं माझ्यासमोर येऊन म्हणाली असतील, ‘मॅडम, त्या जुन्या खात्यात काहीच नव्हतं, मग पैसे कापले कशातून?’ शिल्लक नाही म्हणून दंड लावून खातं वजा करायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही, आणि दंडाआधी बँकेने कळवून महिनाभराची मुदत द्यायची असते. पण उरलेसुरले दोन-तीन हजार मात्र हळूहळू जातात. नोकरी सोडताना रिलीव्हिंग लेटर घेता, तसंच त्या खात्याचं काय करायचं हेही त्याच आठवड्यात ठरवा.

किमान शिल्लक म्हणजे नेमकं काय, यावरही लोक उगाच घाबरतात. ‘सरासरी मासिक शिल्लक दहा हजार’ याचा अर्थ रोज दहा हजार पडून हवेत असा नसतो. रोज रात्रीची शिल्लक मांडायची, बेरीज करायची, महिन्याच्या दिवसांनी भागायची. तीस दिवसांत ती बेरीज तीन लाख व्हायला हवी. एक तारखेला साठ हजार आले आणि चार दिवस तसेच राहिले, तर तिथेच दोन लाख चाळीस हजार झाले. उरलेल्या सव्वीस दिवसांत रोज साधारण तेवीसशे-चोवीसशे राहिले तरी भागतं. हे हिशेब करून बघितलं की बरीच ‘महाग’ वाटणारी खाती तुमच्यासाठी महाग नसतात, आणि ज्यांच्याकडे महिनाभर दीड हजारच असतात त्यांच्यासाठी ती खरंच महाग असतात. स्टेट बँकेने ही अट मार्च २०२० मध्ये काढून टाकली. २०२५ च्या उन्हाळ्यात कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही साध्या बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला. त्याच ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरी भागातल्या नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक पन्नास हजार केली आणि काही दिवसांतच ती पंधरा हजारांवर आणली. दोन्हीकडचे वारे एकाच वर्षात वाहिले. म्हणून ‘सरकारी म्हणजे फुकट, खासगी म्हणजे महाग’ असं डोळे मिटून धरू नका, त्या आठवड्याचं शुल्कपत्रक वाचा. ते प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर असतं. त्यात कार्डाचं वार्षिक शुल्क, एसएमएसचं शुल्क, चेकबुकाची किती पानं मोफत आणि रोख भरण्याची मर्यादा, एवढ्या चार ओळी पुरतात.

दुसरं खातं फक्त यूपीआयसाठी. किमान शिल्लक नसलेलं, वेगळ्या बँकेतलं. पगार झाला की त्यात महिन्याचा खर्च, समजा वीस हजार, टाकायचे आणि फोनवरची यूपीआय ॲप्स त्याच खात्याला जोडायची. पगाराचं खातं कुठल्याही यूपीआय ॲपला जोडायचंच नाही. फसवणूक झाली तरी वीस हजारांच्या आत राहते. शिवाय एक फायदा असा की पगाराच्या खात्याचं स्टेटमेंट स्वच्छ राहतं. पुढे गृहकर्ज दुसरीकडे हलवायचं झालं तर बँकेला सहा महिन्यांचं स्टेटमेंट द्यावं लागतं, आणि वडापावच्या तीनशे नोंदींतून हप्ते शोधणं कुणालाच आवडत नाही.

वेगळी बँक का, तर बँकाही बंद पडतात. मी बुडण्याबद्दल बोलत नाहीये, ती गोष्ट पुढे येईल. सर्व्हर बसतात. एचडीएफसी बँकेला डिसेंबर २०२० मध्ये आणि कोटक महिंद्र बँकेला एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने तंत्रज्ञानातल्या त्रुटींवरून ऑनलाइन नवीन ग्राहक घेण्यावर किंवा नवीन क्रेडिट कार्डं देण्यावर निर्बंध घातले होते, नंतर ते उठले. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा खात्यातून पन्नास हजारांवर काढता येत नव्हते. ते दोन आठवड्यांच्या आत उठले, पण ज्याचा घरभाड्यापासून औषधापर्यंत सगळा पैसा तिथे होता त्याने ते तेरा दिवस कसे काढले असतील? आणि १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी तर यूपीआयच देशभर अडखळलं होतं, त्या दिवशी दोन बँकाही कामाला आल्या नसत्या. घरात दोन-तीन हजार रोख ठेवा.

रोख काढण्याबद्दल पुणेकरांना माहीत नसलेली एक सोय सांगते. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीन व्यवहार मोफत, हा नियम फक्त सहा महानगरांसाठी आहे: मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद. पुणे त्या यादीत नाही, त्यामुळे इथे पाच मिळतात. त्यानंतरच्या प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये आणि कर. म्हणजे घराजवळ आपल्याच बँकेचं एटीएम हवं हा हट्ट आता धरायचं कारण उरलेलं नाही. एटीएममधून पैसे न येता खात्यातून वळते झाले, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि सहाव्या दिवसापासून रोजचे शंभर रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची, असा २०१९ चा नियम आहे. तरीही स्लिप जपा आणि तक्रारीचा नंबर घ्या.

आता वडिलांचं खातं. इथे मी सरकारी बँकेच्या बाजूने आहे, पण वडील जे कारण देतात त्यासाठी नाही. बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ ची, मुख्यालय आपल्याच शिवाजीनगरला, स्टेट बँक त्याहून कितीतरी मोठी. अशा बँकांत पेन्शनची कामं रोज होतात. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते तेव्हा तिथल्या माणसाला काय करायचं हे विचारावं लागत नाही. खासगी बँकेच्या शाखेत माणसं नम्र असतात, पण ज्याने तुमचं खातं उघडलं तो सहा महिन्यांनी बदललेला असतो, आणि बऱ्याचदा त्याच्यावर विमा विकायचं लक्ष्य असतं. अठरा लाख शिल्लक दिसली की वडिलांना ‘गुंतवणुकीबद्दल बोलायला’ फोन येतील. सरकारी शाखेतही येतील, मी खोटं सांगणार नाही. वडिलांना आधीच सांगून ठेवा: ठेव म्हणून जे सांगतील त्याच्या पावतीवर ‘मुदत ठेव’ हेच शब्द हवेत, ‘पॉलिसी’ हा शब्द दिसला की सही करायची नाही.

शाखा मात्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवी. तुम्हाला वर्षात एकदा जावं लागेल, वडील महिन्यातून तीनदा जातील. कर्वे रस्ता ओलांडायची गरज नसेल असं बघा. शाखा कशी बघायची तेही सांगते. महिन्याच्या एक ते सात तारखेमधल्या कुठल्याही दिवशी अकराच्या सुमाराला जाऊन वीस मिनिटं नुसतं बाकावर बसा. पासबुक छापायचं मशीन बघा. त्यावर ‘मशीन बंद आहे’ असा कागद चिकटवलेला असेल तर त्याची चिकटपट्टी बघा. पांढरी असेल तर काल-परवा बिघडलंय. पिवळी पडून कडेने सुटली असेल, तर त्या शाखेत कुणाला फोन करून ते दुरुस्त करावंसं वाटलेलं नाही, आणि वडिलांचं अडलेलं कामही तिथे तसंच पडून राहील. एखादी आजी फॉर्म घेऊन उभी असेल तर तिला कोण उत्तर देतं, तिच्याकडे बघून देतं की संगणकाकडे बघून, तेवढं पाहा. मी नवीन शाखेत रुजू झाले की पहिल्या आठवड्यात हेच बघायचे, बाहेरच्या बाकावर बसून.

लॉकर हवा असेल तर त्याच भेटीत विचारा. पुण्यात जुन्या वस्त्यांत लॉकर मिळणं कठीण, म्हणून शाखा मोठी ठेव मागतात. नियमाप्रमाणे तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च निघेल एवढीच ठेव त्या मागू शकतात. त्याहून जास्त मागितली तर नम्रपणे म्हणा, ‘हे लेखी द्या.’ बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

काकांच्या पतसंस्थेकडे येते, कारण मला काळजी तिथे वाटते. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत आहे, आधी सत्तावीस-एक वर्षं तो एक लाखच होता. खासगी, सरकारी, सहकारी, सगळ्या बँकांना तो लागू आहे. पतसंस्थेला नाही. पतसंस्था बँक नाही, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही, ती सहकार खात्याकडे नोंदलेली असते. तिथली माणसं चांगली असू शकतात, काका स्वतः संचालकांना ओळखत असतील. पण ती चांगली माणसं अडचणीत आली तर परत मिळायची हमी कुणाचीच नाही. वडिलांच्या अठरा लाखांतला एक रुपयाही मी तिथे ठेवणार नाही.

सहकारी बँकेबद्दल मी एवढी ठाम नाही. पुण्याची सहकारी बँकिंगची परंपरा मोठी आहे, कॉसमॉस १९०६ ची, जनता सहकारी १९४९ ची, आणि छोट्या दुकानदाराला पहिलं कर्ज अशाच बँकांनी दिलं. पण पुण्याने रुपी बँकही पाहिली. १९१२ ची बँक, फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना गेला. मधल्या साडेनऊ वर्षांत मुलींची लग्नं, ऑपरेशनं, सगळं थांबलेलं लोकांनी पाहिलं. त्यातले काही आमच्या शाखेत यायचे, दुसरीकडे नवीन खातं उघडायला. फॉर्म भरताना त्यांचा हात थांबायचा आणि विचारायचे, ‘ही तर जाणार नाही ना?’ २०२१ मध्ये कायदा बदलला, आता असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळायची तरतूद आहे. हा फार मोठा बदल आहे. तरी काकांचं मन राखायला एखादी ठेव सहकारी बँकेत ठेवायचीच असेल तर दोन गोष्टी बघा. वार्षिक अहवालात निव्वळ एनपीए, म्हणजे थकलेल्या कर्जांचं प्रमाण, तीन टक्क्यांच्या आत हवा. आणि रक्कम अशी ठेवा की व्याज धरून पाच लाखांच्या आत राहील, कारण विम्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही मोजतात. साडेचार लाख सात टक्क्यांनी दोन वर्षं ठेवले तर ते पाच लाख सतरा हजारांच्या आसपास जातात, म्हणजे वरचे सतरा हजार उघड्यावर. सव्वाचार ठेवा. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवलं तरी हिशेब एकत्रच होतो, हेही लक्षात असू दे.

व्याजाचा मुद्दा तुम्ही सगळ्यात आधी लिहिला होता, मी मुद्दाम मागे ठेवला. मोठ्या बँकांचा बचत खात्याचा दर २०२५ मध्ये अडीच टक्क्यांवर आला. एखादी छोटी बँक चार टक्के देत असेल, तर पन्नास हजार शिलकेवर वर्षाला साडेसातशेचा फरक. एकदा हप्ता परतला की तो गेला. बचत खातं व्याजासाठी निवडू नका, एवढंच.

अठरा लाख मात्र बचत खात्यात राहता कामा नयेत, आणि इथे घाई करायला हवी. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठ वर्षांपुढच्यांसाठी असते असा समज आहे. पंचावन्न ते साठमधल्या निवृत्त माणसालाही ती घेता येते, पण निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत. पूर्वी एकच महिना मिळायचा, नोव्हेंबर २०२३ पासून तीन झाले. मर्यादा तीस लाख, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात, आणि एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के दर चालत आलाय. पोस्टात किंवा सरकारी बँकेत ती उघडता येते. वडील अठ्ठावन्नचे आहेत, म्हणजे ती तारीख त्यांच्यासाठी धावते आहे. रक्कम जमा झाल्याचा दिवस पासबुकात बघा आणि आजच मोजा.

तर माझ्या डोळ्यासमोर तुमचं घर असं आहे: पगार आणि हप्ते आहेत त्या खासगी बँकेत, रोजचं यूपीआय वेगळ्या बँकेतल्या छोट्या खात्यातून, आणि पेन्शन कोथरूडच्या सरकारी शाखेत आईवडिलांच्या संयुक्त खात्यात, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने. तुम्ही एकुलते नसाल, किंवा पुढे परदेशी जायचं ठरत असेल, तर यात फरक पडेल, तसं असेल तर खाली लिहा. वडिलांच्या फोनवर यूपीआय हवंच असेल तर तेही तुमच्यासारखंच, पाच-सात हजारांच्या वेगळ्या खात्यावर.

हलवाहलवीत एक जागा आहे जिथे लोक हमखास अडकतात. सरकारी अनुदान किंवा योजनेचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दीड हजार आले तेव्हा आमच्या शेजारी कामाला येणाऱ्या ताई तीन दिवस या बँकेतून त्या बँकेत फिरल्या. पैसे गावाकडच्या, कधीकाळी उघडलेल्या खात्यात जमा झाले होते. आईच्या नावावर गॅसचं अनुदान असेल तर आधार कुठे जोडलंय ते बार्शी सोडण्याआधी बघून घ्या. गावचं खातं लगेच बंद करू नका. पेन्शनचे दोन महिने कोथरूडला नीट जमा झाले की मग करा. पण तसंच सोडूनही देऊ नका. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जातात. ते परत मिळतात, पण तोवर कोणत्या बँकेत काय होतं हे आठवणारं माणूस हवं.

आणि नामनिर्देशन. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. वडिलांच्या जुन्या खात्यात कदाचित आजीचं नाव असेल, ते कुणी बदललेलं नसतं. कोथरूडच्या शाखेत पहिल्यांदा जाल तेव्हा आईलाही बरोबर न्या, पेन्शन बदलीचा अर्ज आणि नामनिर्देशनाचा अर्ज एकाच खेपेत द्या, आणि नामनिर्देशनाची शिक्का मारलेली पोच मागून घ्या. ती पोच पासबुकाच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवा.